चार सेकंदांची कोरी जागा

पंखा चालू राहू द्या. गार वाटत असेल तर खिडकी लावून घेतो, पण पंखा बंद नका करू. दिवा आहे तेवढा पुरे. मला काय, बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त, अशीच सवय लागलेली आहे.

तर मी गेलो होतो एका साध्या तक्रारीपायी. अंध वाचकांना बोलकी पुस्तकं घरपोच देणारं एक ग्रंथालय आहे, त्यांची पुस्तकं मी रेकॉर्ड करतो. बावीस वर्षं हेच काम. तिथल्या बाईंचा फोन आला.

"अहो, तुमच्या त्या शून्याच्या पुस्तकाची ही तिसरी तक्रार. मध्येच बंद पडतं म्हणे. आणि ते पियानोवाले काका, ते पुस्तक परतही देत नाहीत आणि पुढे ऐकतही नाहीत. एकदा जाऊन त्यांची समजूत काढा ना."

मी म्हटलं, जातो.

शून्याचं पुस्तक म्हणजे गणिताचं नव्हे. 'काहीच नसणं' असू शकतं का, एवढ्या एका प्रश्नावर लिहिलेलं ते शंभरेक पानांचं पुस्तक. लेखक एका खोलीतून एकेक गोष्ट बाहेर काढत जातो. आधी टेबल, खुर्ची. मग उजेड. मग हवा. मग भिंती. आणि दर वेळी विचारतो, आता उरलं ते काय आहे? वाचून दाखवणारी होती माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. शाळेत भाषा शिकवायची, निवृत्त झाल्यावर माझ्याकडे वाचायला येऊ लागली. वाचता वाचता लेखकाशी भांडायची. "सगळं बाहेर काढलंस, पण बाहेर काढणारा कुठे उभा आहे ते सांग की!" असं म्हणाली की मला हसू यायचं आणि टेक वाया जायचा. त्या पुस्तकानंतर वर्षभरात ती गेली. मी काकांकडे गेलो तेव्हा तिला जाऊन आठ महिने झाले होते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिकामी खोली मुकी नसते. भिंतींचा, हवेचा, दूरच्या एखाद्या मोटारीचा मिळून एक अगदी बारीक आवाज असतो, आणि तो प्रत्येक खोलीचा वेगळा. वाचन संपलं की मी वाचणाऱ्याला तीस सेकंद तसंच बसायला सांगतो. हलायचं नाही, बोलायचं नाही. ती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची आणि दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत तिचे चार-चार सेकंद भरायचे. मी त्याला 'खोली घेणं' म्हणतो. हे नाही केलं आणि मधल्या जागेत यंत्राचं नुसतं शून्य, कसलाच आवाज नसलेलं, ठेवलं, तर ऐकणाऱ्याचा कान अंधारात पायरी चुकावी तसा दचकतो. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही.

त्या पुस्तकात मी सगळीकडे शून्य भरलं होतं. का, ते सांगतो. पण जरा दमानं सांगू द्या.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दुपारचे तीन वाजले असतील. दार त्यांनीच उघडलं, आणि मी काही बोलायच्या आधी म्हणाले, "उजव्या बुटाची टाच झिजलीय तुमची. या." जन्मापासून दृष्टी नाही, पण पन्नास वर्षं पियानोच्या तारा जुळवल्या. खोलीत दोन जुने पियानो, एकाचं पोट उघडं. लोकरीच्या पट्ट्यांचा, लाकडाचा आणि डिंकाचा वास भरून राहिला होता. सुनेनं दोन कप चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

मी ठरवून ठेवलेलं बोललो. तांत्रिक बिघाड आहे, फाइल बदलून देतो, तसदीबद्दल माफ करा वगैरे.

"बिघाड नाही," काका म्हणाले. "बिघाड मला कळतो. शांतता म्हणजे काय, तर खोली. मी कुठल्याही खोलीत गेलो की गप्प उभा राहतो आणि मला भिंत कुठे आहे ते कळतं. तुमच्या बाई वाचायच्या थांबतात ना, तिथे मी भिंत शोधली. नाही सापडली."

"तिथे काहीच नाहीये, काका. म्हणूनच..."

"हां. काहीच नाही. पण ते आहे," ते म्हणाले. "लोक मला विचारतात, तुम्हाला सगळा काळोख दिसत असेल ना? मी म्हणतो, तुम्हाला तुमच्या पाठीमागचं काय दिसतं? काळोख दिसतो का? काहीच दिसत नाही. त्या 'काहीच नाही'ची मला जन्माची ओळख आहे, त्याला मी भीत नाही. हे तसलं नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं."

मी उगाच हसलो. माझं हसणं खोटं आहे हे त्यांना नक्की कळलं असणार.

"आणि किती वेळ!" ते म्हणाले. "सातव्या प्रकरणानंतर तर..."

"चार सेकंद. सगळीकडे चारच."

"तुम्ही ऐकलंय का? पुस्तक पूर्ण झाल्यावर, एकदा तरी?"

नव्हतं ऐकलं. पडद्यावर रेघ सपाट आहे एवढं बघून पुस्तक देऊन टाकलं होतं. बावीस वर्षांत न ऐकता दिलेलं ते एकच पुस्तक.

त्यांनी हेडफोन पुढे केला आणि दुसरा स्वतःच्या कानाला लावला. एकाच यंत्राला दोन्ही जोडलेले. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. त्यांना चार सेकंद मोजून दाखवायचे, चहा प्यायचा आणि निघायचं, एवढाच बेत.

वहिनीचा आवाज कानात आला. सातव्या प्रकरणाचा शेवट. "...आता हवाही नाही, भिंतीही नाहीत. आता जे उरलं आहे त्याला 'आहे' म्हणायचं का?"

आणि ती थांबली.

कामामुळे माझ्या डाव्या कानात कायम एक बारीक शिट्टी वाजत असते. दहा वर्षं झाली, झोपेतही वाजते. ती गेली. कमी झाली असं नव्हे... नव्हतीच. मग श्वासाचा आवाज गेला. छातीतले ठोके गेले. लोकरीचा आणि डिंकाचा वास कुणी पुसून घ्यावा तसा गेला. घड्याळ डोळ्यांसमोर होतं, पण ते बघणारे डोळे कुठे आहेत हे मला कळेना. भीती वाटायला तरी कुठेतरी शरीर लागतं ना? तेही नव्हतं.

मला वाटलं, हेच ते. सगळं बाहेर काढून झालं, आता काहीच उरलं नाही.

पण उरलं होतं. एक गोष्ट होती तिथे, माझ्याइतकी मोठी. तुम्हाला सांगतो, ती लाज होती. दुसरं नाव नाही तिला. टेबल गेलं, हवा गेली, मी गेलो, आणि माझी लाज तशीच बसून राहिली. तिला बाहेर काढायला दारच नव्हतं. किती वेळ तिच्यासमोर होतो ते मला नाही सांगता येणार. रात्र म्हणता येईल, महिना म्हणता येईल.

मग वहिनी म्हणाली, "प्रकरण आठ," आणि शिट्टी परत आली, वास परत आला.

घड्याळाचा काटा चार घरं पुढे गेला होता. मोजून चार. पण समोरच्या दोन्ही कपांतल्या चहावर जाड साय धरलेली होती. कपाला हात लावला, तर गार.

काकांनी हळूच हेडफोन काढला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गाठ लागली आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुम्ही म्हणालात. आत्ता, मध्ये. मला तुमचं स्पष्ट ऐकू आलं." आणि त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला. "'भावोजी, मला छातीत गाठ लागलीय. दोन महिने झाले. ह्यांना सांगायला जीभ उचलत नाही... तुम्ही सांगाल का?' आवाज तुमचाच होता. पण तुम्ही भावोजी कोणाला म्हणता?"

मी कानावरचा हेडफोन उतरवला.

"आणि मग गप्प बसलात," काका म्हणाले. "कुणीतरी उत्तर देईल म्हणून बसतात ना, तसे."

आता सांगतो.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी बारा वर्षांचा. आई नव्हती. हाफ पँट घालणाऱ्या पोराला ती भावोजी म्हणायची, अहो-जाहो करायची आणि स्वतःच हसायची. माझ्या वह्यांना कव्हरं तिनं घातली. कॉलेज सोडून मला हे यंत्रांचं काम करायचं होतं, तेव्हा दादाने घर डोक्यावर घेतलं. त्याला तिनंच शांत केलं. म्हणाली, "ह्यांचा कान फार चांगला आहे. न बोललेलंसुद्धा ऐकू येतं ह्यांना." दादा पोस्टातला माणूस, त्याला कानाबिनाचं काही कळत नव्हतं, पण बायकोचं त्याने ऐकलं.

सातव्या प्रकरणाचा दिवस. वाचन संपलं. ती काचेपलीकडे माइकसमोर, मी अलीकडे यंत्रावर. मी म्हटलं, "वहिनी, खोली घेतो. तीस सेकंद." तिनं मान हलवली. दहा-बारा सेकंद गेले असतील. आणि ती बोलली. काकांनी म्हणून दाखवलं ते सगळं. माझ्याकडे बघत नव्हती, माइककडे बघत होती. समोरासमोर तिला ते बोलता येत नव्हतं. माइकपुढे बोललेलं मी कधी सोडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग तिनं मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी काय केलं? मी काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं आणि म्हणालो, "वहिनी, टेक बिघडला. परत घेऊ. या वेळी बोलू नका."

का म्हणालो, हे मला विचारू नका. स्वतःला विचारून थकलो. घाबरलो म्हणावं तर खरं आहे. जिनं मला वाढवलं तिच्या छातीतल्या गाठीबद्दल दादाशी बोलायचं, या कल्पनेनं मी कानापर्यंत लाल झालो होतो, हेही खरं आहे. ती दुसऱ्या कुणाला तरी सांगेलच, असंही मनाशी म्हटलं. चाळिशी ओलांडलेला घोडा मी, आणि काचेआड तोंड लपवलं.

तिनं "बरं" म्हटलं. आणि खरंच तीस सेकंद एकही शब्द न बोलता बसली. पाठ सरळ, हात मांडीवर, वर्गातल्या शहाण्या मुलीसारखी. ती शांतता माझ्याकडे होती. पण पुस्तकात घालायला म्हणून ऐकली, तेव्हा तिच्यात तिचं न बोलणं ऐकू येत होतं. ते मला सोसलं नाही. म्हणून मी दोन्ही टेक पुसून टाकले आणि सगळ्या जागांत शून्य भरलं. शून्यात काही नसतं, असं मला वाटलं.

तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. चार महिन्यांनी कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. दादाने माझ्यासमोर भिंतीवर डोकं आपटून घेतलं. "मला का नाही सांगितलंस गं," म्हणून रडत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. याच हाताने.

काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. उठलो आणि घाईत चपलांसारखे कसेबसे बूट पायात सरकवले. ते दारापर्यंत आले.

"ज्याचं आहे त्याला द्या ते," एवढंच म्हणाले. "ते शून्य आता नुसतं राहत नाहीये."

चार दिवस काढले. रविवारी सकाळी दादाकडे गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं, शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, कानाला हेडफोन. मला माहीत होतं तो रोज तेच पुस्तक ऐकतो म्हणून. शून्यबिन्य त्याला काही कळत नव्हतं. तिचा आवाज आहे म्हणून ऐकायचा.

मला बघून त्याने हेडफोन गळ्यात घेतला. "ये. जेवून जा."

"दादा, एक सांगायचं होतं." मी उभाच राहिलो. "वहिनी... रेकॉर्डिंगच्या वेळी एकदा बोलली होती. गाठीचं. तुला सांगायला सांगितलं होतं."

दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आणि इथे, तुम्हाला सांगायला जीभ अडखळते, इथेही मी खोटं बोललो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण त्याचे डोळे बघितले आणि तोंडातून भलतंच निघालं. "पण मी ऐकलंच नाही रे तेव्हा. हेडफोन काढून ठेवला होता. परवा जुन्या टेपा चाळताना सापडलं."

"हेडफोन काढून ठेवला होतास," दादा म्हणाला.

"हो."

"ती वाचत असताना."

"वाचन संपलं होतं. खोली घेत होतो."

"बरं," दादा म्हणाला. रागावला नाही. त्याने शिवी दिली असती, एक थोबाडीत मारली असती, तर माझा जीव भांड्यात पडला असता. त्याने नुसता हेडफोन परत कानावर चढवला आणि यंत्राचं बटण दाबलं. मला वाटलं, आता जा असं सांगतोय. पण त्याने हाताने बसायची खूण केली.

मी समोर बसलो. बाहेर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. दादाने डोळे मिटले. यंत्रावरचे आकडे मला उलटे दिसत होते, पण दिसत होते. सातवं प्रकरण संपत आलं होतं. आकडे पुढे सरकले आणि मग त्याचा चेहरा... कसं सांगू? कुणी महत्त्वाचं सांगत असलं की आपण कसं तोंड किंचित उघडं ठेवून ऐकतो, तसा झाला. "हं," तो म्हणाला. मग थांबून, "हं. मग?"

मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कानातली शिट्टी वाजत होती, शेजारी कपडे आपटत होते, आणि मी, ज्याला न बोललेलंही ऐकू येतं असं तिनं सांगितलं होतं, तो मी मान पुढे काढून बसलो होतो.

"मग त्याने बटण दाबलं?" दादाने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. मला नाही विचारलं. "आणि काय म्हणाला?"

त्या बटणाचं मी या जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. काकांनाही नाही.

दादाने डोळे उघडले. हेडफोन काढला, यंत्र बंद केलं, वायर सोडवून तिची नीट गुंडाळी केली आणि सगळं खिडकीत ठेवलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसला, इतका जवळ की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास मला आला.

"ते तूच सांगावंस म्हणते ती," तो म्हणाला. "तू काय म्हणालास तिला?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, अख्खं वाक्य तयार होतं, आणि एक अक्षर बाहेर पडलं नाही. मी मान खाली घातली. शेजारचं कपडे आपटणं थांबलं होतं. मी गप्प बसून राहिलो, खूप वेळ, काहीच न बोलता.

मान वर केली तेव्हा दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. तोंड किंचित उघडं, भुवया जवळ आलेल्या. ऐकत होता. मग त्याने हळूहळू मान हलवली, एकदा, दोनदा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"असं म्हणालास तू तिला," तो म्हणाला.